रक्ताची चाचणी करा, पण आतली तपासणी सोडू नका

ताई, तुम्ही विचारलंय की आईचे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरचे किरणोपचार संपलेत, तर दर खेपेला खानापूरहून बेळगावला आतल्या तपासणीसाठी नेण्याऐवजी रक्तातल्या ट्यूमर डीएनएची (म्हणजे गाठीतून रक्तात आलेल्या डीएनएच्या तुकड्यांची) चाचणी केली तर चालेल का. निपाणीच्या माझ्या आत्याचं सगळं मीच बघितलं, म्हणून लिहिते.

नुसत्या रक्तावर भागणार नाही. या कॅन्सरमागे जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणू असतो, सुमारे ७० टक्के वेळा १६ किंवा १८ नंबरचा. गाठीतल्या पेशी मरताना त्या विषाणूच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात आणि काही तासांत नाहीसे होतात. म्हणून उपचार संपून तीनेक महिने झाल्यावरही ते सापडले, तर आजार शिल्लक असल्याची किंवा परतण्याची भीती जास्त. कधीकधी स्कॅनच्याही आधी कळतं, हे मोलाचं आहेच. पण जागच्या जागी परतलेली बारीक गाठ कधीकधी रक्तात पुरेसे तुकडे सोडत नाही, मग रिपोर्ट निगेटिव्ह येतो. उपचाराआधीचं रक्त तपासलेलं नसेल तर तुलना करायलाही अवघड.

आत्याने अंगावरून जाणारं लाल पाणी दोन महिने लपवलं. न्हाणीघरात कोपऱ्यात वेगळा वाळत घातलेला परकर दिसला, तेव्हा मला कळलं. तेवढं आईला एकटीला गाठून विचारा हो: रक्त जातं का, पायाला सूज आहे का, कंबर दुखते का. आणि पुढच्या खेपेला जुना बायॉप्सी रिपोर्ट फाईलीत असू द्या.