बगॅसची राख काँक्रीटमध्ये: क्यूब टाकण्याआधी नेमक्या कोणत्या चाचण्या?

मिरजकर_स्ट्रक्चर्स

नमस्कार मंडळी. सांगलीत एमटेक स्ट्रक्चर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय ठरलाय: साखर कारखान्यातली बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख सिमेंटच्या जागी ०, ५, १०, १५ आणि २० टक्के, काँक्रीटची ग्रेड एम३० (२८ दिवसांना ३० एमपीए ताकद). जानेवारीत कास्टिंग (ताकद मोजायचे काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, टाकणं) सुरू कर असं गाईड सरांनी सांगितलंय.

लॅबमध्ये गेल्या हंगामातल्या राखेची दोन पोती पडून आहेत. राख काळी कुळकुळीत, पाण्यात टाकली की बरीचशी तरंगते. १५ टक्क्यांचं ट्रायल मिक्स केलं तर स्लम्प (ओल्या काँक्रीटचा प्रवाहीपणा) जवळजवळ शून्यावर. हीच राख चालवावी की नवीन आणावी? आणायची तर किती? एक्सआरडी (स्फटिकांची ओळख), एक्सआरएफ (रासायनिक घटक), एसईएम (सूक्ष्मदर्शकाचे फोटो) सगळंच करून टाक असं सीनियर म्हणतात, पण प्रत्येक सॅम्पलला पैसे मोजावे लागतात. क्यूबच्या आधी खरंच काय लागतं? आणि ९० दिवसांचे रिझल्ट सबमिशनच्या आत बसतील का?

चुनखडी

ती पोती मिक्सला वापरू नका, पण फेकूही नका. दळण्याचा वेळ ठरवायला आणि चाचण्यांचा हात बसवायला उपयोगी पडतील.

पाण्यावर तरंगतात ते अर्धवट जळलेल्या बगॅसचे तंतू, म्हणजे चक्क कोळसा. तो सच्छिद्र असतो, मिक्सचं पाणी पितो आणि पॉलिकार्बोक्सिलेट अ‍ॅडमिक्श्चरसुद्धा (काँक्रीट प्रवाही करणारं रसायन) शोषून घेतो. तुमचा स्लम्प तिथं गेला. आता पाणी वाढवून स्लम्प आणलात तर वॉटर-बाइंडर रेशो (पाणी भागिले सिमेंट अधिक राख) बदलला. मग १५ टक्क्यांचा क्यूब कमी का भरला, राखेमुळं की पाण्यामुळं, हे तुम्हाला व्हायव्हात सांगता येणार नाही.

पहिली चाचणी लॉस ऑन इग्निशन, म्हणजे एलओआय: जाळल्यावर वजन किती घटतं, त्यावरून न जळालेला कार्बन कळतो. राख १०५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, मगच क्रुसिबलमध्ये १ ग्रॅम घ्या. ओलावा राहिला तर तोही कार्बन म्हणून मोजला जातो. मग ७५० अंशांना, पुन्हा वजन स्थिर होईपर्यंत. तुलनेसाठी आयएस (भारतीय मानक) ३८१२ भाग १ मधली फ्लाय अ‍ॅशची (औष्णिक केंद्रातल्या कोळशाच्या राखेची) मर्यादा ५ टक्के, आणि एएसटीएम (अमेरिकी मानक) सी६१८ मधल्या एन वर्गाच्या नैसर्गिक पोझोलानाची (चुन्याशी अभिक्रिया करणाऱ्या भुकटीची) १० टक्के. कच्च्या राखेचा आकडा बहुतेक वेळा याच्या वर जातो. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे ३०० मायक्रॉनची चाळण. तंतू वर राहतात, सिलिकायुक्त बारीक राख खाली येते. आयआयटी मद्रासमध्ये या राखेवर झालेल्या कामात हीच वाट होती: ३०० मायक्रॉनवर चाळायची, मग सिमेंटच्या बारीकपणापर्यंत दळायची. चाळण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही एलओआय प्रबंधात द्या.

आता एक्सआरएफ. त्यात सिलिकाचा मोठा आकडा आला म्हणून हुरळून जाऊ नका. ती सिलिका दोन ठिकाणांहून येते. एक उसाच्या पेशींतली, ती अस्फटिक असते आणि चुन्याशी अभिक्रिया करते. दुसरी उसाबरोबर फडातून आलेली माती-वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, जी ढिम्म हलत नाही. एक्सआरएफला दोन्ही सारख्याच दिसतात. फरक एक्सआरडीत कळतो: कॉपर ट्यूब असेल तर २ थीटा २६.६ अंशांवरचं टोकदार शिखर क्वार्ट्झचं, २० ते ३० अंशांमधला पसरट उंचवटा अस्फटिक भागाचा. बॉयलरमध्ये फार तापलेली राख असेल तर २२ अंशांच्या आसपास क्रिस्टोबलाइटही दिसतं. प्रक्रिया केलेल्या राखेचं एकच सॅम्पल कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या कॉमन फॅसिलिटी सेंटरला द्या, तेवढं पुरे. एसईएमचा फोटो प्रबंधाची शोभा वाढवतो, त्यापलीकडं या कामात त्याचा फारसा उपयोग नाही.

आणि जी चाचणी तुमच्याच लॅबमध्ये जवळजवळ फुकट होते, तीच लोक टाळतात: राख चुन्याशी किती अभिक्रिया करते ते दाखवणारी, आयएस १७२७ ची लाइम रिअ‍ॅक्टिव्हिटी. चुना, राख, एन्नोर वाळू (चाचणीसाठीची प्रमाणित वाळू) यांचं प्रमाण १ : २एम : ९. एम म्हणजे राखेची विशिष्ट घनता भागिले चुन्याची. राख २.१ आणि चुना २.२ धरला तर १५० ग्रॅम चुन्याला सुमारे २८६ ग्रॅम राख आणि १३५० ग्रॅम वाळू. ५० मिमीचे क्यूब, पहिले ४८ तास २७ अंशांना, पुढे ८ दिवस ५० अंशांना दमट हवेत. फ्लाय अ‍ॅशला किमान ४.५ न्यूटन प्रति चौ. मिमी लागतात. चुना नव्या सीलबंद बाटलीतलाच घ्या. उघडी राहिलेली बाटली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं मरते आणि दोष राखेवर येतो. एम३० चे पाऊणशे क्यूब टाकायचे की नाहीत, हे या १० दिवसांत कळतं.

शिफ्ट_बॉयलर

राख कुठून उचलली हे लिहिल्याशिवाय सगळं व्यर्थ. ‘कारखान्याची राख’ अशी एकच वस्तू नसते. ग्रेटखाली (भट्टीच्या जाळीखाली) पडते ती जाड, खडे बांधलेली. इकॉनॉमायझर आणि एअर प्रीहीटरच्या (धुराच्या वाटेवर पाणी आणि हवा तापवणाऱ्या भागांच्या) हॉपरमधली मध्यम. ईएसपी (धुरातली राख विजेनं पकडणारं यंत्र) असेल तर तिच्या हॉपरमधली सगळ्यात बारीक आणि कोरडी. वेट स्क्रबर (धूर पाण्यानं धुणारं यंत्र) असेल तर बारीक राख पाण्याबरोबर राखेच्या खड्ड्यात जाते, तिच्यातलं पोटॅश काही प्रमाणात धुऊन निघतं आणि ग्रेटची राख, माती सगळं तिथं एकत्र होतं. यार्डातल्या ढिगावर तर वाऱ्याची धूळही बसते. शक्य असेल तर ईएसपीचं हॉपर धरा.

आणायची ती हंगामात, आणि हंगामाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरला फड ओले असतात, उसाबरोबर चिखल जास्त येतो, बगॅसही ओला. बॉयलर स्थिर चालायला लागला की मगच. कोजन (वीजनिर्मिती) असलेल्या ठिकाणी एक प्रश्न आवर्जून विचारा: त्या आठवड्यात बगॅसबरोबर कोळसा किंवा दुसरं काही जाळलं होतं का? कोळसा मिसळला असेल तर तुम्ही फ्लाय अ‍ॅशचा प्रबंध लिहिताय.

एकाच शिफ्टला दोन पोती भरून पळू नका. पाच-सहा दिवस, वेगवेगळ्या शिफ्टला १०-१२ किलो घ्या. मग सगळी ताडपत्रीवर ओतून शंकूसारखा ढीग करा, चपटा करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन घ्या, असं करत एकजीव सॅम्पल काढा. वही ठेवा: तारीख, शिफ्ट, हॉपर, त्या वेळचा स्टीम लोड. लॉगशीटवरून बॉयलर सुपरवायझर सांगतात.

हॉपरची राख गार दिसली तरी आत निखारा असतो. तागाच्या पोत्यात भरून गाडीत टाकली तर वाटेत धुमसते. झाकणाचा पत्र्याचा डबा न्या आणि एन-९५ मास्क लावा. रुमालानं भागत नाही, त्यात स्फटिक सिलिका आहे.

क्यूब_मोल्ड

प्रमाणाचं मी सांगतो. पाच मिक्स, वयं ३, ७, २८, ५६, ९० दिवस, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे एका मिक्सला १५. १५० मिमीचा एक क्यूब ०.००३३७५ घनमीटर. १५ टक्के वाया धरून एका मिक्सला सुमारे ०.०५८ घनमीटर. बाइंडर ३८० किलो प्रति घनमीटर असेल तर मिक्समागं २२ किलो. ५, १०, १५, २० टक्क्यांना मिळून राख फक्त ११ किलो लागते. पण चाळणीवरचा कोळसा, दळताना उडालेली, मॉर्टर, पेस्ट, पुन्हा टाकायचे मिक्स, हे सगळं धरलं तर कोरडी ५०-६० किलो आणा. नंतर कमी पडली आणि दुसऱ्या महिन्यातली मिसळली की मालिका तुटली.

सिमेंट ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) ५३, आयएस २६९ चं, तिन्ही पोती एकाच आठवड्याची. दुकानदार पीपीसी गळ्यात मारतो, त्यात आधीच १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते. त्यावर राख घातली तर कोण किती चुना खातंय ते कळत नाही.

दळायला बॉल मिल नसेल तर लॉस एंजेलिस मशीन (खडीची झीज मोजायचं) चालतं, पण ड्रम आधी धुऊन पुसून घ्या, आत बेसॉल्टची भुकटी असते. ठराविक वेळानं सॅम्पल काढून ४५ मायक्रॉनवर ओलं चाळा. वर ३४ टक्क्यांहून जास्त राहत असेल तर अजून दळा. ब्लेनमध्ये (भुकटीचा बारीकपणा मोजायची चाचणी) फसू नका. सेलमध्ये भरायचं वजन घनतेवर ठरतं. सिमेंटचं ३.१५ धरून २.१ ची राख भरायला गेलात तर ती सेलमध्ये मावतच नाही, मग पोरं ठोकून ठोकून बसवतात आणि आकडा भलताच येतो. आधी ले शॅटेलिए फ्लास्कमध्ये केरोसीन घालून राखेची घनता काढा. कार्बन शिल्लक असेल तर त्याच्या छिद्रांमुळंही ब्लेन फुगतो, म्हणून ४५ मायक्रॉनचा आकडा जोडीला हवाच.

मिक्स डिझाइन आयएस १०२६२:२०१९. वजनानं बदली केली की घनफळ वाढतं. २० टक्क्यांना ७६ किलो राख म्हणजे ३६ लिटर, तेवढंच सिमेंट २४ लिटर. वरचे १२ लिटर अ‍ॅग्रिगेटमधून कमी करा, बेसॉल्ट असेल तर साधारण ३४ किलो. वॉटर-बाइंडर रेशो सगळ्यांना एकच. स्लम्प फक्त अ‍ॅडमिक्श्चरनं जुळवा आणि प्रत्येक मिक्सचा डोस कोष्टकात द्या. तोही रिझल्टच आहे.

दिवसाला एक मिक्स. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टाकलं तर ९० दिवस एप्रिलच्या मध्यात भरतात, म्हणजे सबमिशन गाठता येतं. पण राख डिसेंबरच्या सुरुवातीला लॅबमध्ये हवी. क्युरिंग टँक सावलीत घ्या. आयएसला २७ अधिक-उणे २ अंश लागतात आणि एप्रिलमध्ये आपल्याकडं उन्हातल्या टाकीचं पाणी त्याच्या कितीतरी वर जातं. गरम पाण्यात पोझोलानाची अभिक्रिया जोर धरते, मग ९० दिवसांची वाढ राखेची की उन्हाळ्याची? लोडिंग रेट १४ न्यूटन प्रति चौ. मिमी प्रति मिनिट, म्हणजे या क्यूबला सेकंदाला ५.२५ किलोन्यूटन.

एक्सआरडीबद्दल चुनखडी सरांशी थोडा असहमत. लाइम रिअ‍ॅक्टिव्हिटी ४.५ च्या बरीच वर आली तर एक्सआरडी मागाहून द्या. पैसे आधी चांगल्या अ‍ॅडमिक्श्चरवर घाला.

चुनखडी

क्रम बदलला तरी हरकत नाही, पण पेपर पाठवायचा असेल तर एक्सआरडी सुटत नाही.

एक मिक्स वाढवा: २० टक्के क्वार्ट्झ पावडर, राखेइतकीच बारीक दळलेली. १५ क्यूब जास्त, पावडर साडेचार किलो. आपल्या पट्ट्यातल्या या विषयावरच्या प्रबंधांत ‘१० टक्के इष्टतम’ हा निष्कर्ष सहज लिहिला जातो. तीन क्यूबच्या सरासरीत दीड-दोन एमपीएचा फरक विखुरणीतच बुडतो. शिवाय कुठलीही बारीक निष्क्रिय भुकटी सुरुवातीला थोडी ताकद वाढवते. क्वार्ट्झच्या मिक्सपेक्षा राखेचं मिक्स ५६ आणि ९० दिवसांना स्पष्ट वर गेलं, तरच राखेनं काम केलं म्हणा. आलेखावर त्रुटीपट्टे काढा.

टीजीए (तापवत नेताना वजनातली घट मोजणं) परवडत असेल तर पेस्टमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड (चुना) मोजा. २८ आणि ९० दिवसांना तुकडे आयसोप्रोपेनॉलमध्ये घालून हायड्रेशन थांबवा. ४०० ते ५०० अंशांमधली घट गुणिले ७४ भागिले १८. आकडा पेस्टच्या ग्रॅममागं देऊ नका, सिमेंटच्या ग्रॅममागं द्या. नाहीतर सिमेंट कमी घातलं म्हणून चुना कमी दिसतो आणि श्रेय राखेला जातं. समीक्षक इथंच पकडतात.

आरसीपीटी (क्लोराइड किती शिरेल याचा अंदाज देणारी चाचणी) करणार असाल तर ५६ किंवा ९० दिवसांना. ६० व्होल्टला ६ तासांत किती विद्युतभार गेला ते ही चाचणी मोजते, क्लोराइड थेट मोजत नाही. राखेतल्या पोटॅशियमनं छिद्रांतल्या पाण्याची वाहकता बदलते, म्हणून सॉर्प्टिव्हिटी (काँक्रीट पाणी किती वेगानं शोषतं) जोडीला ठेवा.

मिरजकर_स्ट्रक्चर्स

खूप आभार सगळ्यांचे. पुढच्या आठवड्यात कारखान्याला पत्र देतो. एकच शंका: चाळूनही एलओआय १० च्या वर राहिला तर मफल फर्नेसमध्ये (लॅबची बंद भट्टी) पुन्हा जाळली तर चालेल का?

क्यूब_मोल्ड

चालेल. ६०० ते ७०० अंश, दोन-तीन तास, ८०० च्या वर नेऊ नका, अस्फटिक सिलिका स्फटिक व्हायला लागते. ट्रेमध्ये थर दोन सेंटिमीटरच्या आतच ठेवा. जाड थराला हवा मिळत नाही, वर करडी दिसते आणि आत काळीच राहते. मध्ये एकदा दार उघडून लांब सळईनं हलवा. लॅबच्या मफलमध्ये एका खेपेला जेमतेम एखादा किलो बसतो. तेव्हा आधी १५० मायक्रॉनची चाळण लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. पुन्हा जाळलीच तर तापमान आणि वेळ प्रबंधात लिहा, आणि शीर्षकात ‘प्रक्रिया केलेली राख’ असं म्हणा.