मदत हवी आहे: 8 वर्षं ‘कन्सल्टंट’, प्रसूती रजा नाकारली
नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण पुण्यातल्या एका कंपनीत 8 वर्षं डिझायनर आहे, पण कागदावर ‘कन्सल्टंट’. दर 11 महिन्यांनी नवा करार, पगाराऐवजी फी, त्यातून आयकराच्या 194-जे कलमाखाली (व्यावसायिक फीसाठीचं कलम) 10 टक्के टीडीएस. पीएफ कधीच नाही. आणि रोज साडेनऊला अंगठा लावायचा, रजेला साहेबांची परवानगी, बाहेरचं काम घ्यायला बंदी. मग ही फ्रीलान्सर कशी?

आता तिला सातवा महिना लागलाय, पहिलंच बाळ. 26 आठवड्यांची भरपगारी रजा मागितली, तर एचआर म्हणतं, तुम्ही कर्मचारी नाहीच. बिचारी दोन दिवस नीट जेवली नाही. हजेरीचे मेल, आयकार्डचा फोटो जपून ठेवलाय. आधी पीएफ कार्यालयात जावं की कामगार आयुक्तांकडे? कुणी असं प्रकरण लढलं असेल तर कृपया लवकर सांगा.