जुनी मोड आटवून ९२५चे दागिने: टंच, झाळ आणि अकीक

कानस_पुणे:
चांदीची जुनी मोड (आटवायचे जुने दागिने) आहे, पैंजण, जोडवी, करंडा धरून साधारण ३०० ग्रॅम. दुकानातलं मशीन कुठे ७८ टंच (शेकडा शुद्धता) दाखवतं, कुठे ८५. यातून ९२५चे (म्हणजे ९२.५ टंचाचे) कानातले आणि पेंडंट करायचे आहेत, खाणीतली नवी चांदी जमेल तितकी टाळून. चोख (शुद्ध चांदी) किती घालावी लागेल? कॅडमियम (विषारी धातू) नसलेली झाळ (सांधे जोडायचा मिश्रधातू) स्वतः करता येते का? आणि गुजरातमधल्या खंबातचा अकीक (खडा) घ्यायचा झाला तर व्यापाऱ्याला काय विचारावं?

मूस_आणि_चिमटा:
मशीनचे ते आकडे आधी विसरा. ते फक्त वरचा थर वाचतं, आणि वर्षानुवर्षं उजाळा दिलेल्या डागिन्याच्या पृष्ठभागावरचं तांबं निघून गेलेलं असतं. त्यामुळे आतल्यापेक्षा टंच जास्त दिसतो. सगळी मोड आटवून एकच लगड करा आणि त्या लगडीचा टंच काढून घ्या.

आटवण्याआधी जुने सांधे कातरीने कापून बाजूला ठेवा. जुन्या झाळीत कॅडमियम असू शकतं. ते ७६७ अंशांना उकळतं आणि चोख चांदी वितळते ९६२ला, म्हणजे मुशीतून थेट धूर येणार. त्रास लगेच जाणवत नाही, काही तासांनी ताप आणि छातीत जडपणा सुरू होतो. कापडी मास्क बांधून उपयोग नाही. धूर बाहेर ओढणारा पंखा आणि नळकांडं हवंच. कापलेले सांधे रिफायनरीला द्या.

आता हिशोब. समजा लगड ८० टंच निघाली. १०० ग्रॅमला १६६.७ ग्रॅम चोख लागते, म्हणजे तुमच्या ३०० ग्रॅमला ५००. तयार होणार ८०० ग्रॅम, त्यात जुना माल साडेसदतीस टक्के. उरलेल्या ५०० ग्रॅमचा उगम माहीत नसेल तर पाटीवर 'पूर्ण पुनर्वापर' लिहू नका. चोख घेताना ती मोडीतून शुद्ध केलेली आहे असं बिलावर लिहून मागा. लगड ९० निघाली तर मात्र १०० ग्रॅमला ३३.३ ग्रॅमच लागेल. थोडक्यात, हलकी मोड चढवण्यापेक्षा रिफायनरीत देऊन चोख करून घेणं सरळ.

तिसरा रस्ता कुणी घेत नाही, पण मला तोच जास्त प्रामाणिक वाटतो. हॉलमार्कमध्ये ८००, म्हणजे ८० टंच, हीसुद्धा ग्रेड आहे. ८०० म्हणूनच विका. रंग किंचित पिवळसर असतो, लवकर काळवंडतं, पण कडक असल्यामुळे बांगडीला चांगलं.

आटवताना मुशीला आधी सवागीचा (टाकणखाराचा) लेप द्या आणि रसावर कोळशाची पूड पसरा. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन पिते आणि थिजताना तो बाहेर टाकते. लगडीला फोड आणि छिद्रं पडतात ती त्यामुळेच.

कानस_पुणे:
धन्यवाद. लगड करून टंच काढतो. झाळीचं कुणी सांगेल का?

झाळकरी:
मध्यम झाळ: चांदी ७०, तांबं २०, जस्त १०. कडक (जास्त आचेला वितळणारी) हवी तर ७५, २२, ३. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणून सुटं टाकलं की बरंचसं धुरात जातं आणि झाळ ठरल्यापेक्षा उशिरा वितळते. त्यापेक्षा ७० ग्रॅम चांदी आधी वितळवून वरून ३० ग्रॅम पितळी पत्र्याचे तुकडे टाका. पत्रा दोन भाग तांबं, एक भाग जस्त असेल तर प्रमाण आपोआप बसतं. लेथवर कापायची पितळी सळई मात्र घेऊ नका. कापायला सोपी जावी म्हणून तिच्यात शिसं घातलेलं असतं. ते चांदीत उतरलं की पुढच्या आचेला खड्डे पडतात आणि तार जंतरीतून (तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून) ओढताना तुटते.

एक गोष्ट हमखास चुकते. १९ ग्रॅम ९२५ आणि वर १ ग्रॅम ६५ टंचाची नरम झाळ धरली, तर अख्खा डागिना ९१.१ वर येतो. सांधे जास्त असतील तर धातू ९४ टंचाचा ठेवा, किंवा डिझाइनमध्येच सांधे कमी करा. कडी वेगळी झाळण्यापेक्षा पत्र्यातूनच वळवून काढा.

कोंदण:
अकिकात सिलिका असते. खंबातला मोठा प्रश्न कोरड्या घासाईच्या धुळीचा आहे. तिने सिलिकोसिस होतो, तोही फक्त कारागिरालाच नाही. घासाई घरात चालते तिथे घरच्या लोकांच्या छातीतही तीच धूळ जाते. व्यापाऱ्याला सरळ विचारा: घासाई पाण्याखाली होते की कोरडी? धूळ ओढायचा पंखा आहे का? 'आमचे खडे नैसर्गिक आहेत' असं उत्तर आलं, तर त्याला प्रश्नच कळलेला नाही.

डिझाइनमधूनही भार हलका करता येतो. एकाच मापाच्या, पैलू पाडलेल्या खड्याचा हट्ट सोडून, पिंपात पाण्याबरोबर फिरवून गुळगुळीत केलेले वेडेवाकडे खडे घ्या. प्रत्येकाला वेगळं कोंदण करावं लागेल, पण चोख चांदीची ०.३ मिलिमीटरची पट्टी हातानेच वळते. गोंद अजिबात नको. उद्या तो डागिना पुन्हा मोडीत आला, तर कोंदण उघडून खडा सुटला पाहिजे. गोंदाचा असेल तर तो आचेवर जाळूनच काढावा लागतो, आणि तेवढ्यात अकीक तडकतो.