डिसेंबरमध्ये बामणोलीला टेंट घ्यावा की खोली? सोबत आई आणि लहान मुलं

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन रात्रींसाठी साताऱ्याजवळ कास-बामणोली साइडला जायचं घरात ठरतंय. आम्ही सांगलीहून निघणार, मी, बायको, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची, आणि आई. आईचं वय ६८, गुडघे दुखतात, रात्री दोनतीनदा उठावं लागतं. मुलांनी टेंटचा हट्ट धरलाय आणि खरं सांगायचं तर मलापण त्यांना एकदा चांदण्याखाली झोपवायचंच आहे, आमच्या लहानपणी आम्ही उन्हाळाभर गच्चीवर झोपायचो, ह्या पोरांना ते काहीच मिळालं नाही. बायको म्हणते सरळ महाबळेश्वरला हॉटेल घेऊ, गरम पाणी आहे, कमोड आहे, विषय संपला. आई म्हणते मला घरीच ठेवा, तुम्ही जावा. ते मला अजिबात नको आहे, आईला घेऊनच जायचं आहे.
ऑनलाइन बघतोय तर सगळीकडं तलावाकाठचे रंगीत टेंट, लायटिंगच्या माळा, सगळे फोटो सारखेच. त्यातलं चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं ते कसं ओळखायचं? आणि थंडी किती असते, सोबत काय काय न्यावं? कोणी बारक्या पोरांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.

मिरजेची_स्वाती
दादा, आम्ही गेल्या वर्षी असंच सासूबाईंना घेऊन गेलो होतो, नाव घेत नाही पण तलावाकाठची एक जागा होती. फोटो बघून बुकिंग केलं, अर्धे पैसे आधीच पाठवले. तिथं गेल्यावर कळलं की तीसेक माणसांना मिळून दोन संडास, तेपण टेंटपासून लांब, मध्ये उतार आणि लाइट नाही. सासूबाईंनी रात्री उठायला लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच प्यायलं नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांना चक्कर आली. ते मला आजपण लागतं मनाला. वर रात्री एक वाजेपर्यंत स्पीकर चालू, माझा लहाना रडून रडून झोपला.
म्हणून सांगते, फोटो मागू नका, व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि टेंटच्या दारापासून संडासाच्या दारापर्यंत फोन घेऊन चालत जायला सांगा. जो माणूस हे करायला कां कूं करतो तिथं जाऊ नका. कमोड आहे का, रात्री लाइट राहतो का, सकाळी गरम पाणी बंबाचं का गिझरचं, स्पीकर किती वाजता बंद होतो, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. रेट बहुतेक ठिकाणी पर हेड असतो, त्यात रात्रीचं जेवण नाष्टा धरलेला असतो, पण ५ वर्षाच्या मुलीचे पैसे धरणार का ते आधी विचारा. आणि पूर्ण पैसे आधी अजिबात देऊ नका, फेक पेज खूप आहेत, ज्या गावात जागा आहे तिथल्या कुणाकडून तरी खात्री करून घ्या.

जावळीकर
मी बामणोली भागातलाच आहे. तुमच्यासारखी फॅमिली असेल तर टेंट की खोली असा प्रश्नच नको, दोन्ही घ्या. आमच्याकडं बरेच जण घरातल्या एकदोन खोल्या देतात आणि अंगणात नाहीतर खळ्यात टेंट लावू देतात. आजी आत खोलीत झोपतील, संडास-बाथरूम जवळ, तुम्ही पोरांना घेऊन अंगणात टेंटमध्ये. रात्री पोरगी घाबरली तरी दहा पावलांवर आजी. जेवण घरचंच, चुलीवरची भाकरी, पिठलं, सांगितलं तर तलावातला मासा.
अगदी पाण्याच्या कडेला टेंट लावायचा हट्ट धरू नका. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचं पाणी, पावसाळ्यानंतर भरलेलं असतं आणि मग वीज आणि शेतीसाठी सोडतील तसं खाली खाली जातं, त्यामुळं डिसेंबरात काठाची जमीन नुकतीच पाण्याबाहेर आलेली असते. वरून सुकलेली दिसते, पाय दिला की चिखल. पोरांना एकटं काठावर सोडू नका आणि पाण्यात तर उतरूच देऊ नका, चार पावलांवर एकदम खोल आहे, खाली जुन्या दऱ्याच आहेत. बोटीत बसताना लाइफ जॅकेट पोरांच्या मापाचं आहे का बघा, मोठ्या माणसाचं जॅकेट पोराच्या डोक्यावरून निघून जातं.
अजून एक, कासला फुलं बघायची म्हणून येत असाल तर ती ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, डिसेंबरला पठार वाळलेलं असतं. तरी तळं आणि संध्याकाळ बघायला थांबा.

सातारचा_मास्तर
वरच्या दोघांचं बरोबर आहे. मी ३० वर्षं शाळेच्या सहली नेल्या आहेत म्हणून थंडीबद्दल थोडं सविस्तर लिहितो. रात्री गार हवा जड होऊन खाली दरीत आणि पाण्याकडं उतरते, त्यामुळं काठावर वरच्या वाडीपेक्षा जास्त गारठा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या बाजूला काही वर्षी दव गोठल्याच्या बातम्या येतात त्या ह्याच कारणानं. लोक वरून पांघरायला तीन तीन ब्लँकेट नेतात आणि खाली एक पातळ चटई टाकतात, मग रात्रभर कुडकुडतात, कारण अंगातली ऊब जमीन ओढून घेते. खाली जाड पाहिजे. आधी ताडपत्री, त्यावर फोमची मॅट नाहीतर घोंगडं, त्यावर आपली घरची वाकळ. सांगलीत प्रत्येक घरात वाकळ आहे, विकत काही आणायची गरज नाही. मुलांना कानटोपी आणि झोपताना कोरडे मोजे, दिवसभर घातलेले नाही.
टेंटची वरची जाळी किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा, थंडी म्हणून सगळं बंद केलंत तर श्वासाचं पाणी आतून कापडाला धरतं आणि पहाटे अंथरुणावर ठिबकतं. आणि कळकळीनं सांगतो, शेगडी, निखारे, कोळशाचं घमेलं काहीही ऊब म्हणून टेंटमध्ये नेऊ नका. त्यातून जो कार्बन मोनॉक्साइड निघतो त्याला वास नाही रंग नाही, माणूस झोपेतच जातो. खोलीत आईंसाठीपण नको, त्यांना गरम पाण्याची पिशवी द्या.
शेकोटी करायची तर घरमालक दाखवील तिथंच, मोकळ्या मातीवर, आणि झोपायच्या आधी पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत. डिसेंबरात गवत पूर्ण वाळलेलं असतं, एक ठिणगी उडाली तर डोंगर जळतो, पक्ष्यांची घरटी, रोपं, सगळं जातं. हा पूर्ण पट्टा जपण्यासारखा आहे, कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

नर्सताई_कराड
साप-विंचवाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. थंडीत साप कमी फिरतात पण नाहीतच असं नाही, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आपल्याकडं आहेत. मण्यार रात्रीचा फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, चावल्याचं कळतपण नाही कधी कधी. म्हणून टेंटच्या दाराची चेन पूर्ण बंद, दोन बोटांची फट पण नको, हवेसाठी मास्तरांनी सांगितलेली वरची जाळीच उघडी ठेवा. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला, रात्री टॉर्चशिवाय एक पाऊल टाकू नका. खायचं काही टेंटमध्ये ठेवू नका, उंदीर येतात आणि उंदरामागं साप येतो. त्या भागात अस्वलं आणि गवे पण आहेत, अंधारात जंगलाच्या वाटेनं फिरायला जाऊ नका.
चावलंच तर दोरी आवळून बांधू नका, ब्लेड मारू नका, मांत्रिकाकडं नेऊ नका. हातपाय हलू न देता, धीर देत, १०८ ला फोन करून नाहीतर मिळेल त्या गाडीनं साताऱ्याच्या सिव्हिलला. जागा बुक करताना रात्री गाडी आणि ड्रायव्हर मिळेल का हेपण विचारून ठेवा. फोनला रेंज सगळीकडं नसते, मालकाच्या फोनला कुठल्या कंपनीची रेंज येते ते विचारा आणि एक सिम तेच ठेवा.
आईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. मुलांसाठी तापाचं औषध, ओआरएस, आणि घाटात उलटी होते त्याचं औषध डॉक्टरांना विचारून घ्या, यवतेश्वरचा घाट चढताना बरीच पोरं हैराण होतात.

कृष्णाकाठचा
सगळ्यांचे मनापासून आभार. स्वातीताई तुमच्या सासूबाईंचं वाचून आई गप्पच झाली, आणि मग म्हणाली जवळ संडास असेल तर मी येते. मी काल चार ठिकाणी व्हिडिओ कॉलचं विचारलं, दोघांनी फोन ठेवून दिला, एकानं उद्या करतो म्हणून केलाच नाही, आणि एका काकूंनी लगेच अंगण, खोली, कमोड, बंब, गोठ्यातली म्हैससुद्धा दाखवली. तिथंच खोली घेतली, अंगणात आमचा टेंट. टेंट चार माणसांचा आहे, शेजाऱ्यांकडून आणलाय, काल गच्चीवर लावून बघितला तर दोन मोठी आणि दोन बारकी माणसं झाली की पिशवी ठेवायलापण जागा नाही, त्यामुळं सामान गाडीत. एक काठी वाकलेली निघाली, ती आत्ताच कळली ते बरं झालं. खायला आईच्या हातचे धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग.
आता एकच विचारायचं राहिलं, तलावापलीकडचा वासोटा किल्ला ह्या सगळ्यांना घेऊन होईल का? आणि सांगलीहून किती वाजता निघू?

जावळीकर
आईंना आणि ५ वर्षाच्या मुलीला घेऊन वासोटा नको. बोटीनं तासदीड तास, मग घनदाट जंगलातली खडी चढण, आणि संध्याकाळच्या आत परत यावंच लागतं, वर मुक्कामाला परवानगी नाही. वन खात्याची परवानगी लागते, प्लास्टिक मोजून आत सोडतात. तुम्हाला आणि मुलाला जायचं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बोटीवर या, सुट्टीच्या आठवड्यात गर्दी फार असते. बाकीच्यांसाठी जवळच्या जवळ तलावात अर्ध्या तासाची बोट करा, आईंना उतरायला हात द्यायला दोन माणसं उभी करायला सांगा, आमच्याकडं कुणीपण देतं.
सांगलीहून सकाळी सातला निघा, पेठ नाका, कराड करत दहा साडेदहाला साताऱ्यात याल. तिथं जेवण, पेट्रोल, पैसे, औषधं सगळं उरकून घ्या, पुढं काही नाही. डिसेंबरात सहाला दिवस मावळतो, त्यामुळं चारच्या आत अंगणात पोचा म्हणजे उजेडात टेंट लावून होईल आणि आईंना संडासाची वाट एकदा उजेडात चालून बघता येईल.