आमदाराची निष्ठा कुणाशी? सांगोल्याकडे बघा

माणगंगाकाठ
"आमदाराने मतदारसंघाशी निष्ठा ठेवावी, पक्ष बदलला तर बिघडलं काय, कामं झाल्याशी मतलब," असं काल इथं एकाने लिहिलं. ते वाचून डोकं फिरलंय. आबासाहेब, गणपतराव देशमुख, सांगोल्यातून 11 वेळा निवडून आले, दरवेळी शेकापकडूनच, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाकडून. 1972 आणि 1995 ला पडले, तरी लाल बावटा सोडला नाही. राज्यात शेकाप आटत गेला, आबा जागचे हलले नाहीत. त्याच सांगोल्याचे पुढचे आमदार, शिवसेनेचे शहाजीबापू पाटील, 2022 ला शिंदेंच्या बंडात गुवाहाटीला जाऊन बसले. उन्हातान्हात त्यांचा प्रचार केलेल्या माणसाला कुणी विचारलं होतं का?

भगवा सोलापूरकर
अर्धीच गोष्ट सांगू नका. 2019 ला शिवसेनेने मतं भाजपशी युती म्हणून मागितली आणि सरकार दोन्ही काँग्रेससोबत केलं. मतदाराला दिलेला शब्द आधी कुणी मोडला? बापू धनुष्यबाणावर निवडून आले आणि 2024 लाही धनुष्यबाणावरच लढले.

माणगंगाकाठ
लढले आणि आबांच्या नातवाकडून पडले. शेकापच्याच.

तालुका कोर्ट
1978 कसं विसरता? शरद पवारांनी वसंतदादांचं सरकार पाडून पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार केलं, त्यात गणपतराव मंत्री होते. फुटीतून आलेल्या सरकारात बसलेला माणूस निष्ठेचा पुतळा कसा?

माणगंगाकाठ
पुलोदमध्ये शेकाप पक्ष म्हणून गेला. आबांनी स्वतःचा पक्ष फोडला नाही. वकील असून एवढा फरक कळत नसेल तर बोलणं खुंटलं.

डाळिंबवाला
पुतळ्याचं राहू द्या, पाण्याचं बोला. आमची बाग आम्ही टँकरवर जगवली. कर्ज काढून पाणी विकत घेतलं आणि शेवटी निम्मी झाडं काढून टाकली. आबा माणूस देवासारखा, पण बहुतेक काळ विरोधात. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी यायला आमची एक पिढी खपली. निष्ठेवर डाळिंब येत नाही हो.

लाल माती
आटपाडीची पाणी परिषद कुणी उभी केली? नागनाथअण्णा नायकवडी आणि आबांनीच ना? माझे वडील चटणी-भाकरी बांधून जायचे. दुष्काळी तालुक्यांनी रेटा लावला म्हणून कृष्णेचं पाणी वर चढलं. सत्तेतल्या आमदारांचे तालुके काय तेव्हा हिरवेगार होते?

डाळिंबवाला
तुमच्या वडिलांना नमस्कार. पण परिषदेनंतर किती वर्षं थांबलो ते आम्हाला विचारा. ज्याची बाग वाळली त्याला निष्ठा शिकवू नका!

लाल माती
आमचीही वाळली. म्हणून पक्ष विकायला काढला नाही.

जुना बूथप्रमुख
पाण्यावरून भांडताय, कार्यकर्त्याचं कुणी बोलेना. आंदोलनाची केस अंगावर आहे, अजून तारखांना जातो. झेडपीचं तिकीट मात्र आदल्या रात्री पक्षात आलेल्याला. नेत्याने आमच्याशी कधी निष्ठा ठेवली? मग आम्हीच का सतरंज्या उचलायच्या?

तालुका कोर्ट
कायदाही असाच आहे. 1985 ला पक्षांतरबंदी आणली, 2003 ला एक-तृतीयांश फुटीची सवलत काढली. तरी घाऊक फुटणारा सुटतो. शिवसेनेच्या फुटीवर मे 2023 ला सुप्रीम कोर्टाने व्हिप (मतदानाचा आदेश) पक्षाचाच म्हणून सांगितलं, जानेवारी 2024 ला विधानसभा अध्यक्षांनी एकालाही अपात्र केलं नाही.

माणगंगाकाठ
म्हणून म्हणतो, जायचं तर राजीनामा देऊन जा. नारायण राणे शिवसेना सोडून 2005 ला मालवणातून पुन्हा लढले आणि जिंकले. उदयनराजेंनी 2019 ला राष्ट्रवादीतून भाजपात जाताना खासदारकी सोडली, साताऱ्याने पोटनिवडणुकीत पाडलं. दोघांचं राजकारण मला पटत नाही, पण ते मतदारापुढे तरी गेले.

भगवा सोलापूरकर
ठीक आहे, राजीनाम्याचं मान्य. पण मग 2019 ला आघाडी करणाऱ्या प्रत्येकानेही द्यायला हवा होता. तेवढं लिहा, मी सही करतो.

डाळिंबवाला
पोटनिवडणूक घ्या नाहीतर नका घेऊ. यंदाचं पाण्याचं आवर्तन कधी सुटणार, कुणाला माहिती आहे का?