सोयाबीनच्या गाठी एका वावरात भरपूर, दुसऱ्यात तुरळक: मूळ जिवाणूंना नेमके बोलावते कसे?

धुऱ्यावरून (जि. यवतमाळ)
नमस्कार मंडळी. आमची दोन वावरे एकमेकांना लागून आहेत. एकात वर्षानुवर्षे सोयाबीन-तूर होते, दुसऱ्यात कायम पऱ्हाटी (कापूस) असायची. यंदा तिथेही प्रथमच सोयाबीन पेरले. बियाणे एकच, पेरणीही एकाच पावसावर. फुलोऱ्याच्या सुमारास झाडे उपटून पाहिली, तर जुन्या वावरात मुळांवर गाठीच गाठी आणि पऱ्हाटीच्या वावरात अगदी तुरळक, पानेही फिकट. मुळांतून स्रवणाऱ्या द्रव्यांकडे उपयुक्त जिवाणू ओढले जातात, असे वाचले आहे. मग झाड तेच असताना हा फरक का पडावा, आणि मूळच बोलावत असेल तर बियाण्याला रायझोबियम (गाठी करणाऱ्या जिवाणूंचे संवर्धन) लावण्याची गरज तरी का?

काळी माती (अकोला)
भाऊ, वाचलेले बरोबर आहे. पानांत तयार झालेल्या अन्नाचा बराच भाग झाड साखर, सेंद्रिय आम्ले आणि अमिनो आम्ले यांच्या रूपाने मुळावाटे मातीत सोडते, त्यामुळे मुळालगतच्या काही मिलिमीटर मातीत जिवाणूंची दाटी उरलेल्या मातीपेक्षा कितीतरी जास्त असते. या पट्ट्याला लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिले. पण साखरेवर कोणीही येते. गाठीच्या जिवाणूसाठीचा निरोप वेगळा असतो: सोयाबीनचे मूळ जेनिस्टीन व डायडझीन ही द्रव्ये सोडते, सोयाबीनच्या गाठी करणारा ब्रॅडिरायझोबियम जिवाणू ती ओळखतो आणि उलट स्वतःचे एक द्रव्य सोडतो. ते मिळाले की मुळावरचा बारीक केस टोकाशी वळून जिवाणूला वेढून घेतो, जिवाणू एका सूक्ष्म नळीतून आत उतरतात आणि तिथे गाठ धरते.

तुमच्या दोन्ही वावरांत मुळांनी हाक दिलीच असेल. पऱ्हाटीच्या वावरात ती ओळखणारा जिवाणूच पुरेसा नसावा, असे मला वाटते. जिवाणू मातीतल्या ओलाव्यात पोहतात खरे, पण अगदी थोडे अंतर. लागूनच्या वावरातून ते आपल्या बळावर येत नाहीत. बीजप्रक्रियेने त्यांना मूळ फुटते त्याच जागी नेऊन ठेवता येते.

मातीची माणसे (जि. वाशीम)
दादांचे म्हणणे पटते, तरी एक तपासावे: त्या वावरात नत्र (नायट्रोजन) किती आहे? पऱ्हाटीला दिलेल्या खतातले शिल्लक असेल किंवा यंदा युरिया जास्त पडला असेल, तर झाड गाठींवर अन्न खर्चत नाही. पाणी साचलेल्या ओळींतही गाठी कमी धरतात.

शिवाय ज्या गाठी आहेत त्या नखाने फोडून पाहा. आतून गुलाबी-लालसर असेल तर गाठ हवेतले नत्र झाडासाठी बांधते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या लाल द्रव्याचा. पांढरी किंवा हिरवट गाठ कामाची नाही. गाठ बोटाने सहज सुटून येत नसेल आणि मूळच फुगलेले असेल, तर तो सूत्रकृमीचा (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा) प्रादुर्भाव असू शकतो.

धुऱ्यावरून
तीन-चार झाडांच्या गाठी फोडल्या. तुरळक आहेत, पण आतून लालसर आहेत. मग पऱ्हाटीच्या मुळांकडे कोणताच उपयुक्त जिवाणू येत नाही का?

काळी माती
येतात, फक्त गाठी करत नाहीत. बॅसिलस, ॲझोटोबॅक्टर, स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू मुळांभोवती वाढतात. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपावर २००८ साली प्रसिद्ध झालेले संशोधन मला फार मोलाचे वाटते: पानावर रोग आला की मूळ मॅलिक आम्ल जास्त सोडते आणि त्याकडे बॅसिलस सबटिलिस ओढला जातो. म्हणजे दुखणे वर पानाला, आणि हालचाल खाली मुळाशी.

तुमच्या गाठी लालसर आहेत, म्हणजे आलेले जिवाणू चांगले आहेत, संख्या कमी आहे. पुढच्या हंगामात आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी रायझोबियम लावा, बियाणे सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. रब्बीत तिथे हरभरा घेणार असाल, तर सोयाबीनचे पाकीट वापरू नका. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा असतो, म्हणून हरभऱ्यासाठीचेच संवर्धन मागून घ्या.