अनुभव धागा : ऑनलाइन खरेदी आणि आपले क्रेडिट कार्ड

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत एकाच आठवड्यात दोन घरांतील क्रेडिट कार्डांवर परस्पर खरेदी झाली आणि दोन्ही घरांतील मंडळींचा पहिला अर्धा तास "आता कळवायचे तरी कोणाला?" यातच गेला. म्हणून हा धागा काढत आहे. रक्कम गेल्याचे कळल्यावर आपण नेमके काय केले आणि पुढे पैसे मिळाले की नाही, हे कृपया सविस्तर लिहावे. बँकेचे किंवा दुकानाचे नाव मात्र लिहू नये.

विलेपार्ले, निवृत्त शिक्षिका

जानेवारी 2023 मध्ये एका पहाटे पाणी भरायला उठले, तेव्हा मोबाइलवर डॉलरमधील खरेदीचे दोन संदेश आलेले दिसले. दोन्ही मिळून सुमारे 41,000 रुपये. ओटीपी आलाच नव्हता. भारतातील संकेतस्थळांवर ही दुसरी पडताळणी सक्तीची असली, तरी परदेशी संकेतस्थळावर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही (कार्डावरचे तीन गुप्त आकडे) एवढ्यावरही व्यवहार पूर्ण होऊ शकतो, हे मला त्या दिवशी समजले. लेकीकडे जाताना सुरू केलेला कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर परतल्यावर बंद करायचा राहून गेला होता.

आधी ॲपमधून कार्ड बंद केले, मग बँकेला फोन लावला आणि तक्रार क्रमांक हाती येईपर्यंत तो ठेवला नाही. तो क्रमांक घालून ई-मेल पाठवला आणि सायबर गुन्ह्यांसाठीच्या 1930 या क्रमांकावरही कळवले. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणात, बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाला काहीच भुर्दंड पडत नाही, असे रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकात होते. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची, असेही त्यात होते. माझी रक्कम नवव्या दिवशी जमा झाली. अंतिम निकालाला अडीच महिने लागले आणि तेवढ्या काळात "ओटीपी तुम्हीच कोणाला सांगितला असेल" हे मी दोनदा ऐकून घेतले. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो, हे त्याच परिपत्रकातील कलम मी उत्तरात दाखवल्यावर तो सूर बदलला.

माटुंगा

आमच्या बाबांनी ओटीपी खरोखरच सांगितला होता. रिवॉर्ड पॉइंट बुडतील असे सांगणारा फोन आला आणि बाबांनी वाचायचा चष्मा शोधून सहा आकडे वाचून दाखवले. त्याच संदेशात 28,000 रुपये ही रक्कम आणि दुकानाचे नाव होते, पण तेवढे त्यांनी वाचलेच नाही. ते पैसे बँकेने दिले नाहीत, आणि नियमाने ते बरोबरच होते. मात्र आम्ही कळवल्यानंतर त्याच कार्डावर 9,000 रुपयांचा आणखी एक व्यवहार झाला, तो बँकेला सोसावा लागला, कारण कळवल्यानंतरचे नुकसान ग्राहकाचे नसते. आमच्याकडे तक्रारीची वेळ नोंदलेली होती, म्हणूनच हे दाखवता आले.

लालबाग

गणपतीच्या सजावटीचे सामान एका जाहिरातीवरून मागवले, ते आलेच नाही. पैसे मी स्वतः ओटीपी देऊन भरले असल्यामुळे हा चोरीचा प्रकार धरला गेला नाही. माल न मिळाल्याचा वाद म्हणून चार्जबॅक, म्हणजे आपल्या बँकेमार्फत विक्रेत्याकडून रक्कम परत, मागावा लागला. ऑर्डरची पावती आणि विक्रेत्याशी झालेले संभाषण जपून ठेवले होते, त्यावर पैसे परत मिळाले, पण तोवर विसर्जन होऊन गेले होते.

भांडुप, बँकेच्या कार्ड विभागातून निवृत्त

"संकेतस्थळावर कार्ड साठवू नये" असा सल्ला सर्रास दिला जातो, त्यात थोडी दुरुस्ती हवी. 1 ऑक्टोबर 2022 पासून भारतातील दुकानदारांना कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. त्यांच्याकडे राहतो तो त्या कार्डासाठी आणि त्याच दुकानापुरता तयार केलेला टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाऐवजी वापरायचा बदली क्रमांक. तो चोरीला गेला, तरी दुसऱ्या दुकानात चालत नाही. माझ्या मते खरा धोका दर वेळी घाईघाईत, भलत्याच पानावर सोळा आकडे भरण्यात अधिक आहे. डेबिट कार्डापेक्षा क्रेडिट कार्ड बरे, असेही मी सांगेन, कारण वाद चालू असताना बचत खात्यातील पैसे अडकून पडत नाहीत. ॲपमध्ये ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा ठरवण्याची सोय आहे. माझी 5,000 रुपये आहे, आणि मोठी खरेदी असेल तेव्हाच मी ती वाढवतो.

कुर्ला

माझा अनुभव चोरीचा नाही, पण इथे उपयोगी पडावा. लोकलमध्ये उभ्याने पैसे भरत असताना कुर्ला आणि शीव यांच्या मध्ये नेटवर्क गेले. ऑर्डर नोंदली गेली नाही, पण कार्डावर रक्कम लागली. घाबरून मी पुन्हा पैसे भरले. अशी अर्धवट राहिलेली रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी आणि त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, असा नियम आहे. माझी सातव्या दिवशी आली; भरपाईचे दोनशे रुपये मात्र मागितल्यावरच मिळाले.